गहाण

रविवार होता. नव्वदच्या दशकाची सुरुवात, बदलापूरचं कात्रप... आणि मी प्रज्ञाच्या दारात हातात बॉलपेन घेऊन उभा.

कॉलेज मी मधेच सोडलेलं. एका सरांशी वाजलं, तरातरा वर्गातून निघालो तो परत गेलोच नाही. डोकं तेव्हा माचिसच होतं... आणि त्या डोक्यात दिवसभर एकच नाव.

अशात एक काम मिळालं. मुंबईच्या एक मॅडम संशोधन करत होत्या... आशियातल्या देशांत बँका घरासाठी कर्ज कुणाला देतात, कुणाला नाही, आणि त्यात बँकांचं स्वतःचं कसं चाललंय. आपल्याकडचा भाग म्हणून त्यांनी उल्हासनगर ते बदलापूर हा पट्टा घेतला होता.

घरोघर जायचं, छापील प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची. मला काय, प्रज्ञाच्या घरी जायला कारण मिळालं! तिच्या वडिलांसमोर रिकामटेकडा म्हणून नाही, कामाचा माणूस म्हणून उभं राहायचं होतं मला. बाकी आशियाचं काय व्हायचं ते होवो.

प्रश्न कुणीतरी इंग्रजीतून मराठीत आणले होते. त्यातला एक... 'तुमचे घर गहाण आहे काय?'

उल्हासनगरात, फाळणीत आलेल्या निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी दुकानदाराला विचारलं, तर तो पोट धरून हसला. "अरे साईं, गिरवी रखने को भी कागज लगता है! ये बॅरेक है. पहले बँकवाले को बोल, कागज दिला दे, फिर लोन की बात कर."

कात्रपला मात्र कुणी हसेना. नवीन बिल्डिंगा, बहुतेकांनी लोन काढूनच घेतलेले फ्लॅट... तरी दारोदारी उत्तर एकच, नाही. एक मावशी तर "गहाण असेल तुझं!" म्हणाल्या आणि दार आपटलं.

मग प्रज्ञाचं घर. तिचे वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर. तिथल्याच बुवापाडा वस्तीतल्या खोलीतून नुकतेच इथे आलेले, लोन काढूनच... प्रज्ञानंच मला सांगितलं होतं. त्यांनीही दारातच सांगितलं, "नाही."

तिथे तरी गप्प बसावं ना... नाही बसलो. "पण काका, लोन आहे ना? घराचे कागद बँकेत आहेत ना? मग गहाणच की!" त्यांच्या मागून प्रज्ञा मानेनं नको नको म्हणत होती.

त्यांनी आवाज चढवला नाही. "पोरा, माझा आजा गहाण होता. घर नाही... माणूस. गावात एका घरी राबला, मरेपर्यंत. माझ्या बापानं गाव सोडलं, दीक्षा घेतली, तेव्हा म्हणाला, आता आपल्यातलं कुणी कुणाकडं गहाण नाही. आणि तू माझ्या दारात येऊन मला हे विचारतोस? चल, नीघ."

जिना उतरताना कानशिलं तापलेली. रागाच्या भरात त्या चौकटीत 'होय' लिहायला पेन टेकवलंसुद्धा... पण हात पुढे सरकला नाही. चौकट तशीच कोरी ठेवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी विचारलं, कात्रपमध्ये कुणाचंच कर्ज नाही, असं कसं? मी प्रज्ञाच्या वडिलांच्या आजोबांचं सांगितलं. त्या उरलेला गठ्ठा पुढे ओढून म्हणाल्या, "शब्द चुकला आपला. खोडू या."

दोघांनी बसून प्रत्येक कागदावरचा तो प्रश्न हातानं खोडला आणि वर लिहिलं... 'घर बँकेचे कर्ज काढून घेतले काय?'

तीच दारं, तीच माणसं... आणि आता उत्तर, हो! त्या मावशींनी तर मला आत नेऊन किचनचा नळ सोडून दाखवला, घरातच पाणी येतं म्हणून.

प्रज्ञाच्या घरी मी शेवटी गेलो. तिच्या वडिलांनी कागद माझ्या हातून घेतला, स्वतः वाचला. खोडलेल्या शब्दावर त्यांचा अंगठा थांबला. "हे कुणी खोडलं?"

"यानंच, पप्पा," आतून प्रज्ञा म्हणाली. मॅडमचं नाव सांगायला मी तोंड उघडलं होतं... पण नाही सांगितलं.

"लिही, हो. बँकेनं दिलंय, मी फेडतोय." मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बस की. उभा का?"

त्या दिवशी मला वाटलं, जिंकलो. बंद दार काय ते कात्रपचंच होतं, आणि ते उघडलं...

पण माझ्या घरी प्रज्ञाचं नाव काढलं, आणि पहिला प्रश्न आला तो तिच्या जातीचा. मी भांडलो, भांडी फेकली, दोन दिवस जेवलो नाही. काही उपयोग झाला नाही, आमचं लग्न झालंच नाही.

आमच्या घरावर तेव्हा एका पैचंही कर्ज नव्हतं. पण गहाण होतं ते आमचंच घर... आणि ते सोडवून घ्यावं, असं आत कुणालाच वाटत नव्हतं.

प्रज्ञाचे वडील आता नाहीत. कुणी दारात अवघडून उभं दिसलं की मी आधी खुर्ची पुढे करतो... ते त्यांचं देणं.