बिनक्लचची गाडी आन् डावा पाय

मैत्रिणींनो, आज लय खूश हाय म्हणून लिहितेय. चौथीच शिकलेय, चुका पोटात घाला.

कुंडलला आमच्या दारात नातवाची, सुहासची, नवी गाडी आली. वाऱ्यागत पळती. फौजेत सुरुंग फुटून सुहासचा डावा पाय गुडघ्यापासनं गेला, तवापासनं वर्षभर पोरगं घराबाहेर पडलं न्हाई. म्हणून ही ऑटोमॅटिक घेतली, हिला क्लचच न्हाई.

पण चावी हातात घेऊन नुसता बसून राहिला. म्हणाला, "आज्जे, आधी तू चालव."

मी सत्तर-बाहत्तर सालापासनं जीप चालवतेय. आमचे हे सुट्टीवर आले की शिकवायचे, बाया पदराआड हसायच्या. ते जाऊ दे.

गावाबाहेर उसाचा ट्रॅक्टर आडवा आला आन् सवयीनं मी डावा पाय दाणकन दाबला. क्लच कुठला, ब्रेकच त्यो! गाडी जागच्या जागी थांबली. मागनं टेम्पोवाला ओरडला, "आज्जी, घरी भाकऱ्या थापा की!"

सुहास म्हणाला, "डावा पाय मागं घे. त्याचं काम न्हाई हितं."

"आरं, पण त्यो क्लच शोधतोय!"

डाव्या मांडीवर हात ठेवून म्हणाला, "माझा पण शोधतोय."

मग म्हणाला, "उतर, मी घेतो."

पलूसपर्यंत झकास चालवली पोरानं! फक्त म्होरं काही आडवं आलं की त्याची डावी मांडी उचलायची. मी बघितलं, बोलले न्हाई.

बोलायला पायजे हुतं का गं?