गोलच्या खांबाला शेळ्या बांधणारी

तिचे नाव मला कधीच कळले नाही; त्यामुळे माझ्या तिन्ही नोटिसा 'मैदानावर शेळ्या बांधणारी बाई' हिच्या नावे निघाल्या. लोणारच्या आमच्या फुटबॉल क्लबचा मी चिटणीस. क्लबला त्या काळी दोन अध्यक्ष होते, दोन शिक्के होते आणि संघ एकही नव्हता. चार वर्षे चेंडूला कोणाचा पाय लागला नव्हता. ती मात्र रोज सकाळी यायची, गोलचा खांब हलवून पाहायची, सैल वाटला तर बुडाशी दगड ठोकायची आणि मगच दोर बांधायची.

मैदान वापरात नसेल तर तेथे गोदाम होईल, असे तहसिलीचे पत्र आले. पाहणीला कारकून आला. आखूड गवत आणि ताठ खांब पाहून त्याने विचारले, "देखभाल कोण करतं?"

दोन्ही अध्यक्षांनी निर्लज्जपणे स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"काऊन खोटं बोलता बाप्पा?" खांबाशी दोर बांधत असलेली ती म्हणाली. "तुमाले तं मी आजच पाह्यलं!"

कारकुनाने हसत 'मैदान वापरात आहे' असा शेरा मारला. मी त्याच दुपारी दोन्ही अध्यक्षांचे राजीनामे लिहून त्यांच्या सह्या घेतल्या. गावातली पोरे जमवून रविवारी सामना ठरवला. नोटिसा मागे घेतल्याचे क्षमापत्र मी तिला स्वतः वाचून दाखवले.

"ते ठीक हाय, साहेब," ती म्हणाली. "पण आता बकऱ्या कुठं बांधू?"

क्लबच्या घटनेची सारी कलमे मी पुन्हा वाचली. चेंडू, खांब, अध्यक्ष, सर्वांची तरतूद होती. तिची कोठेही नव्हती.