माघार घेण्याची शिकवणी

पुण्यात माघार न घेणारी माणसं गल्लोगल्ली आहेत, पण माघार कशी घ्यावी हे शिकायला क्लास लावणारी बाई माझ्या माहितीत एकच, आणि त्या माझ्या थोरल्या नणंद आहेत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुपरवायझर म्हणून सगळी नोकरी केलेली, त्यामुळे आवाज पहिल्यापासून शेडच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणारा. यजमान गेल्यावर त्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकट्याच राहतात. इमारतीला लिफ्ट नाही. भाजीवाल्याने "मावशी, घ्यायची तर घ्या" म्हटलं, तर "घ्यायचीच आहे, पण भाजी घ्यायची आहे, हा पाला नाही" असं उत्तर तयार. अशा माणसाने वयाच्या पासष्टीत ताई ची हा चिनी युद्धकलेतला संथ व्यायाम शिकायला घेतला, तेव्हा आमच्या ह्यांनी बहिणीला ओळखत असल्यामुळे आधी त्या क्लासबद्दल काळजी व्यक्त केली.

कारण साधं होतं. त्या बाथरूममध्ये पडल्या आणि मनगट मोडलं. बंगळूरहून मुलगा धावत आला आणि प्लास्टर ओलं असतानाच म्हणाला, "आई, हा फ्लॅट विकायचा, माझ्याकडे यायचं." वन्संनी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली. मुलगा गेल्यावर मला म्हणाल्या, "एकदा पडले म्हणून घर सोडायचं? परत पडायचंच नाही, म्हणजे प्रश्न मिटला." डॉक्टरांनी तोल सुधारायला काहीतरी करा म्हटलं होतं. जवळच्या बागेत सकाळी ताई ची चालतं असं कळलं. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात ह्या पांढरे कॅनव्हासचे बूट घेऊन हजर.

त्या नावाने सोसायटीत पुष्कळ गोंधळ घातला. खालच्या जोशीकाकू रोज विचारायच्या, "ताईची? कुठल्या ताईची?" आमचे हे वन्संना ताई म्हणतात, त्यामुळे त्यांना तर रानच मोकळं मिळालं. फोन लावून म्हणायचे, "ताईची ताई ची झाली का?" वन्सं म्हणायच्या, "झाली. आता भावाची अक्कल कधी येते ते बघतेय."

क्लास घेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या, कधीही आवाज न चढवणाऱ्या. पहिल्याच दिवशी वन्संनी त्यांना ऐकवलं, "आमच्या कारखान्यात पळायला बंदी होती, त्यामुळे सावकाश हलायचं मला शिकवू नका, पुढचं शिकवा." पुढचं म्हणजे दोघांनी मनगटाला मनगट लावून उभं राहायचं. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने विरोध न करता त्या जोराबरोबर कमरेतून वळायचं, म्हणजे ढकलणाऱ्याचाच तोल जातो. वन्संच्या वाट्याला एक निवृत्त बँक अधिकारी आले. त्यांनी हलकेच ढकललं. वन्संनी त्यांना मेंदीच्या कुंपणात बसवलं. बाई म्हणाल्या, "अहो, वळायचं होतं." "त्यांनी ढकललं, मी ढकललं. यात चुकलं काय?" पुढे कितीतरी दिवस त्यांच्याबरोबर जोडीला कुणी उभं राहीना.

पण हट्ट म्हणजे हट्ट. दूध उतू जायची वाट बघताना गुडघे वाकवून उभ्या, कुकरच्या शिट्ट्या एका पायावर, औषधाच्या दुकानात रांगेत असल्या की वजन कधी डाव्या पायात, कधी उजव्या. दुकानदाराने विचारलं, "काकू, बाथरूमला जायचंय का?" तर म्हणाल्या, "नाही. तुम्ही बिल करेपर्यंत मुळं फुटतात का बघतेय." एकदा मीच विचारलं, "चोर आला तर तो इतका सावकाश येईल का?" त्यावर त्यांनी बाईंचंच वाक्य ऐकवलं, "सावकाश केलं की चूक दिसते. घाईत चूक झाकली जाते." स्वयंपाकालाही हे लागू आहे, असं पुढे माझ्या भाकरीकडे बघून जोडलं.

पहिलं यश बसमध्ये मिळालं. गर्दीत मागून एक दांडगा माणूस खांद्याने रेटत होता. एरवी वन्संनी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली असती. त्या नुसत्या कमरेतून वळल्या. तो गृहस्थ त्यांच्या अंगावरून पुढे निघाला तो थेट कंडक्टरच्या मांडीत. वन्सं म्हणाल्या, "या, पुढे जागा आहे." घरी येऊन मला हे सांगताना चेहरा असा, की जणू त्यांनाच कुणीतरी पदक दिलं होतं.

दिवाळीला मुलगा आला. मध्यस्थी करायला मला बोलावलं होतं, म्हणून मी पोहे करून घेऊन गेले. त्याने फोनवर त्याच्या घराचे फोटो दाखवले. लिफ्ट, आईची खोली, बाथरूममधले धरायचे दांडे. मग म्हणाला, "मामी, तू तरी सांग हिला."

"त्या माझं कधी ऐकतात?" असं मी म्हणणार, एवढ्यात वन्सं म्हणाल्या, "बरं. येते."

मुलगा थांबला नाही. त्याला थांबताच आलं नाही. "नाही, कारण हे जिने..."

"जिने आहेतच."

"आणि ते बाथरूम..."

"निसरडं आहे."

"आणि रात्रीबेरात्री काही झालं तर..."

"खरं आहे रे. कधी निघायचं?"

त्याने पुढे धरलेला फोन खाली ठेवला. तो आईकडे बघत राहिला. वन्सं दूध आणायला उठल्या. दारात भिंतीला हात न लावता एका पायावर उभं राहून त्यांनी चप्पल चढवली, मग दुसरी. जिना उतरल्याचा आवाज आला, एकसारखा, कुठेही न अडखळता. भाचा दारापर्यंत जाऊन तो आवाज ऐकत राहिला. त्या दूध घेऊन वर आल्या तेव्हा म्हणाला, "आई, इतकी घाई नाहीये. तू इथे बरी आहेस. पुढे बघू."

"तू म्हणशील तसं," वन्सं म्हणाल्या.

तो मित्राकडे गेल्यावर मी टाळीसाठी हात पुढे केला. "वन्सं, काय डाव टाकलात!"

त्यांनी टाळी दिली नाही. "डाव कसला? खोटं वळलं तर समोरच्याच्या हाताला लगेच कळतं. बाई पहिल्यापासून सांगतायत, मला आत्ता समजलं. मी खरंच निघाले होते गं."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलल्या. बशा विसळायला मी आत गेले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून सहज गॅलरीत बघितलं. तिथे इतक्या कुंड्या असायच्या की कपडे वाळत घालताना पाऊल ठेवायला जागा नसे. एकही नव्हती. फरशीवर नुसते गोल डाग राहिले होते.

"वाटून टाकल्या," मागून त्या म्हणाल्या. "जोशीकाकूंनी जास्वंद घेतली. परत मागायचं नाही हं कुणाकडे."

मग त्या गॅलरीत गेल्या आणि रिकाम्या जागेत सावकाश दोन्ही हात वर उचलले, कोपर कुठेही न आखडता. कुणाला ढकलत नव्हत्या, कुणी त्यांना ढकलत नव्हतं. मी नळ बारीक केला.