आत्याने ऐकलेली वेबसाइट

रत्नागिरीत वेब डिझाइनचा कोर्स करत होते, तेव्हा प्रोजेक्टसाठी मी आमच्या गावच्या बुद्धविहारातलं वाचनालय निवडलं. पूर्णगडच्या अलीकडे आमचं गाव. जुने फोटो घरातच मिळतील, एवढाच माझा हिशेब. वेबसाइट देखणी झाली. फिकट राखाडी अक्षरं, वरती एकामागून एक सरकणारे फोटो. वर्गात सगळ्यांना आवडली.

मॅडमनाही आवडली. मग त्यांनी माझा मॉनिटर बंद केला आणि हेडफोन पुढे ठेवला.

"आता माउसला हात न लावता पुस्तकांच्या यादीपर्यंत जा."

पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सोयीला स्क्रीन रीडर म्हणतात, हे मला परीक्षेपुरतं माहीत होतं. आता तो माझ्या कानात बोलत होता. "चित्र. चित्र. बटण. बटण." कसलं चित्र, कुठलं बटण, काही पत्ता लागेना. शेवटी मी हेडफोन काढून ठेवला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रोज असंच वापरावं लागतं असं कोणी ओळखीत आहे? त्यांच्याजवळ जाऊन बस. मी शिकवीन त्याहून जास्त शिकशील."

आत्या होती. प्राथमिक शाळेत सगळी नोकरी झाली, आणि निवृत्तीनंतर काचबिंदूने तिची दृष्टी गेली. तेव्हापासून ती घराबाहेर फारशी पडत नसे. फोन मात्र बोलता करून घेतला होता.

सुट्टीत एसटीने गावी गेले. पडवीत बसून आत्याच्या फोनवर वेबसाइट उघडून दिली. तिचा फोन इतका भराभर बोलायचा की मला एक शब्द कळेना. तिला सवयीने सगळं कळत होतं. पण माझ्या वेबसाइटवर तीही अडकली.

"काय गो हे? नुसतं चित्र चित्र करतोय."

मी लॅपटॉप उघडला आणि तिथल्या तिथे पडद्यावर न दिसणारं, पण स्क्रीन रीडर वाचून दाखवतो ते फोटोचं वर्णन लिहिलं: 'वाचनालयाचा फोटो'. आत्याने पुन्हा ऐकलं.

"वाचनालयाचाच असणार ना! पण फोटोत आहे काय?"

तो फोटो मी कितीदा कापला होता, उजळ केला होता. नीट पाहिला त्या दिवशी. "उद्घाटनाचा आहे. बायका सतरंजीवर बसल्यात. दाराशी एक मुलगी उभी आहे, दोन वेण्या, पुस्तकांचा गठ्ठा हनुवटीपर्यंत..." आणि मी थांबले. "आत्या, ही तू आहेस."

"मी? मी आहे त्यात?" मग हळूच म्हणाली, "हसत्येय का?"

"दात दिसतायत सगळे."

"मग तसं लिही."

तसंच लिहिलं. त्या दोन दिवसांत आम्ही एकेक पान ऐकत गेलो. प्रत्येक बटणाला नाव दिलं, सरकणारे फोटो थांबवले. मोतीबिंदू झालेल्या शेजारच्या काकांना दिसावीत म्हणून अक्षरं काळी आणि मोठी केली. आत्याने कंटाळा केला नाही. मुलांची उजळणी घ्यावी तशी ती मला पुन्हा मागे नेई. रत्नागिरीला परतल्यावर मॅडमनी सगळं डोळे मिटून ऐकलं आणि फोटोच्या वर्णनापाशी "वा" म्हणाल्या.

वेबसाइट सुरू झाली. वाचनालयाला तिच्यावरून आलेला पहिला निरोप आत्याचाच होता. दर शनिवारी विहारात मुलांसाठी गोष्टींचा तास असतो, ही सूचना गावात फळ्यावर लिहिलेली असायची. आत्याला ती कुणी वाचून दाखवली नव्हती, आमच्यापैकीही कुणाला सुचलं नव्हतं. वेबसाइट सुरू झाल्यावर ती तिथेही येऊ लागली; तिथे आत्याने ती स्वतः ऐकली आणि कुणाला न विचारता लिहून पाठवलं: 'गोष्टी सांगायला मी येईन. न्यायला कुणी तरी या.'

मीच गेले न्यायला. इस्त्रीची साडी नेसून ती पायरीवर उभी होती. विहारात मुलं तिच्याभोवती गोळा झाली, आणि तिने वर्गात लावायची तसा आवाज लावला, तेव्हा मागे बसलेल्या माझ्या आईने डोळ्यांना पदर लावला.

आता न दिसणाऱ्यांनाही वापरता येतील अशा वेबसाइट करायच्या, याच कामावर मी पोट भरते. कुणी विचारतं, हे कुठे शिकलीस? मी कोर्सचं नाव सांगते. पण मनात मॉनिटर बंद करणाऱ्या मॅडम असतात, आणि दोन दिवस माझ्याशेजारी बसून सगळं ऐकणारी आत्या. दोघींचे उपकार कसे मानायचे, हे मला अजून कळलेलं नाही.