धूरमुक्त वाडीतली चूल

माझ्या आईच्या स्वयंपाकघरात धूर नाही, हे मला सांगलीतल्या एका कचेरीत कळलं. माझं माहेर आटपाडीकडच्या एका वाडीत. आईची छाती भरलेली, आणि चूल बंद करा म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. गॅसची टाकी आहे, पण ती चहापुरती. संपली की दुसरी कधी येईल याचा भरवसा नाही. भाऊ मेंढरं घेऊन माळावर जातो, त्याला दोन वेळच्या बाजरीच्या भाकरी लागतात. दारात दोन गाई आहेत, शेण ढिगानं आहे, म्हणून गोबरगॅससाठी अर्ज करायला मी गेले होते.

साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये वाडीचं नाव शोधलं. म्हणाले, ‘‘तुमच्याकडे सगळ्या घरांत सुधारित चूल वापरात आहे. वाडी धूरमुक्त आहे. आधी धुराची गावं घ्यायची असा नियम आहे.’’ मी हुज्जत घालायला लागले, तसा त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. फोटोत माझी आई होती. चकचकीत पत्र्याच्या चुलीपुढे, डोक्यावर पदर घेऊन, हसत बसलेली! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

ती चूल मला चांगली माहीत होती. कुठल्याशा संस्थेनं वाडीत घरोघर फुकट वाटलेली. तिचं तोंड इतकं अरुंद, की बाभळीचं फाटं आत जायचं नाही. बोटाएवढ्या काटक्या फोडत बसायला हवं. तव्यावर भाकरी टाकली की मध्ये करपायची आणि कडेला कच्ची राहायची. आईनं दुसऱ्याच दिवशी ती गोठ्यात नेऊन ठेवली. तिचा नियमित वापर करत असेल तर ती आमची कोंबडी, अंडी घालायला.

घरी पोचल्या पोचल्या मी आईला धारेवर धरलं. ‘‘खोटं कशाला सांगितलंस गं?’’

‘‘खोटं कुठलं त्यात? माणूस चुलीची पाहनी कराया लांबनं उनातानाचं आल्यालं. फुकट चूल दिली त्यांनी. त्येच्या तोंडावर चालत न्हाई म्हनायचं व्हय? जरा पुसली, पेटवली, झ्याक हाय म्हनलं. लय समाधानानं गेलं बिचारं.’’

शेजारणींनीही तेच केलं होतं. आमच्याकडे कुणी काही दिलं तर देणाऱ्यासमोर त्याला नावं ठेवत नाहीत. यात आईवर काय रागवायचं? माझा राग आहे तो या भिडेचा हिशेब मांडणाऱ्यांवर. आईच्या एका ‘झ्याक हाय’चा अर्थ त्यांनी असा लावला, की या घरातून आभाळात जाणारा एवढा एवढा धूर वाचला. तो वाचलेला धूर ‘कार्बन क्रेडिट’ या नावानं विकला जातो. कुठला तरी कारखाना तो विकत घेतो आणि आपली चिमणी बिनदिक्कत चालू ठेवतो. म्हणजे आमचाही धूर वर जातो, त्याचाही जातो, आणि कागदावर मात्र हवा स्वच्छ! वर आणखी, चूल यशस्वी ठरली म्हटल्यावर तिचं तोंड चार बोटं रुंद करायचं कुणाच्या मनात तरी कशाला येईल? खरं कळलं असतं तर पुढची चूल नीट झाली असती. नाहीतर गोबरगॅस तरी मिळाला असता.

पुढच्या पाहणीला मी मुद्दाम रजा काढून गेले. तिच्या ‘झ्याक हाय’मुळे काय अडलंय ते आईला समजावून ठेवलं होतं. पाहणीवाला आला, ओट्यावर बसला आणि मोबाइल काढून त्यानं विचारलं, ‘‘मावशी, चूल वापरताय न्हवं?’’

‘‘न्हाई,’’ आई म्हणाली. कसंनुसं तोंड करून, पण म्हणाली.

तो घुटमळला. ‘‘न्हाई असं ह्यात घेतच न्हाई, मावशी.’’ मी मोबाइल बघितला. नेहमी, बऱ्याचदा, कधीकधी. एवढंच होतं.

‘‘उत्तर आधीच ठरवलंय, तर विचारायला येता कशाला?’’ माझा आवाज चढला.

‘‘ताई, मी काय करू? वरनंच असं आलंय.’’

आई उठली. ‘‘दादा, आत या. भाकरी हुईस्तवर बसा, मग काय लिवायचं ते लिवा.’’ तिनं नेहमीची चूल पेटवली. तो भिंतीला टेकून बसला. पहिली भाकरी फुगायच्या आत त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दुसरी थापेपर्यंत तो खोकत अंगणात पळाला. तिथं रुमालानं डोळे पुसले, दम घेतला आणि माझ्यादेखत ‘कधीकधी’वर बोट दाबलं.

खाली मान घालून तो म्हणाला, ‘‘मावशी, चुलीपाशी तुमचा एक फोटो लागंल.’’

आईनं पिठाचे हात पदराला पुसले. आत जाऊन ट्रंकेमागून एक मोठं पाकीट आणलं आणि त्यातला छातीचा एक्सरे त्याच्या हातात दिला.

‘‘ह्यो फोटू न्या,’’ ती म्हणाली. ‘‘तुमचा वाचल्याला धूर ह्यात हाय.’’