उलटा ठसा

मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी दुपारी माझा मुलगा माधव वारला. त्याचे वय एकोणीस होते.

त्याच्या जाण्याला वर्ष झाले. श्राद्ध उरकले आणि तिसऱ्या दिवशी मी व माझी पत्नी यमुना धाराशिवहून तेरला निघालो. पिशवीत पातळ कागदाची गुंडाळी, ब्रश, चिंध्यांचा बोळा आणि काजळाची डबी होती.

येडशीपर्यंत दमणी (टप असलेली हलकी बैलगाडी) केली. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवली होती. गाडीवान बोलका होता.

"मास्तर, रामलिंगाला निघालाव?"

"नाही, तेरला. एका शेतात अक्षरे कोरलेला धोंडा आहे, तो पाहायला."

"धोंडा?" त्याने बैल हळू केले. "हितं काय धोंड्यांचा दुष्काळ हाय व्हय? म्हनत असाल तर दोन हितंच टाकतो गाडीत. तुमचं भाडं वाचंल, माझं बैल वाचतील."

एरवी मी हसलो असतो.

येडशी स्टेशनावर छोट्या गाडीची वाट पाहत बसलो. इथून एक वाट तेरकडे जाते, दुसरी बार्शीकडे. बार्शी इंग्रजांच्या मुलखात. मध्ये सरहद्दीचा नाका. यमुना बार्शीच्या बाजूला पाठ करून बसली.

आम्हा तिघांना कोरीव लेखांचा हा नाद एकदमच लागला होता. मी मराठीचा शिक्षक. माधवचे सारे शिक्षण आमच्या राज्याच्या रीतीप्रमाणे उर्दूतून झालेले. घरात दोन भाषांची पुस्तके होती आणि बापलेकांना बोलायला विषय नव्हता. एका जुन्या मासिकात शिलालेखाचे ठसे कसे घ्यावेत याची माहिती सापडली. निम्मे पान वाळवीने खाल्लेले होते. उरलेल्या निम्म्यावर आम्ही शिकलो. यमुनेने करडईच्या तेलाच्या दिव्यावर काजळ धरले, डिंकात खलून शाई केली, आणि दिवाळीच्या सुटीत आम्ही तेरला शिवलिंगअप्पांच्या शेतात गेलो. बांधावरच्या धोंड्यावर चार ओळी होत्या.

ओला कागद दगडावर ठोकून बसवायचा आणि शाई वरून कागदाला लावायची, ही खरी रीत, मागाहून कळलेली. ती वाळवीने खाल्लेल्या भागात असावी. आम्ही शाई धोंड्यालाच फासली आणि वर कागद दाबला. सगळी अक्षरे उलटी उठली. मी ओशाळलो. माधवने कागद उचलला आणि उजवीकडून डावीकडे घडाघडा वाचून दाखवला.

"तात्या, आमच्या उर्दूच्या मास्तरांना कळवा. दहा वर्षांचं आज सार्थक झालं!"

यमुना हसून हसून बांधावर बसली. मग तो म्हणाला, "फाडून टाकू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "बार्शीला कागदवाल्याला दाखव, काय चुकलं ते विचार, आणि पातळ कागद आण."

नाक्यावर त्याची पिशवी उघडली गेली. ते दिवस संशयाचे होते. उलटी अक्षरे म्हणजे छपाईचे काम, म्हणजे हा चोरून पत्रके छापणारा, असे जमादाराने ठरवले आणि त्याला कोठडीत टाकले. अकराव्या दिवशी कोणीतरी तो कागद आरशासमोर धरला. मग हसून त्याला सोडले आणि कागदही नीट घडी घालून परत दिला. माधव ताप घेऊनच घरी आला.

नाक्यावरच्या माणसांना मी शिव्या देतो. पण पिशवीत तो कागद मीच घातला होता.

या खेपेला ठसा सरळ घ्यायचा, एवढ्यासाठी आम्ही निघालो होतो. "सरळ आला की तो उलटा मी चुलीत घालणार," यमुना म्हणाली होती. वर्षभरात तिने स्वतःहून मागितलेली ही एकच गोष्ट.

तेरच्या शेतांतून चालताना पायांखाली जुन्या खापऱ्या वाजतात. शिवलिंगअप्पांनी लांबूनच "शरणार्थ!" म्हणून हाक दिली. घोंगडी अंथरली, गरम माडगे (हुलग्याच्या पिठाचे पातळ पेय) पुढे ठेवले.

"धाकले मास्तर न्हाय आले?"

मी सांगितले. अप्पांनी पटका काढून मांडीवर घेतला.

"आता कसं सांगू मास्तर," ते म्हणाले. "त्यो धोंडा न्हाय ऱ्हायला."

"म्हणजे?"

"तुमी गेलाव, धोंडा काळाच ऱ्हायला. म्या म्हनलो, येतील, पुसतील. तवर शेजाऱ्याची म्हैस मेली. लोक म्हनले, भानामती (करणी) हाय. घण घेऊन आले, फोडला अन् तेरणेत टाकला."

"तुम्ही सांगितलं नाही?"

"सांगितलं की! मास्तर शाई लावून गेलेत, म्हनलो. तर म्हनले, अप्पा, तू येडा का खुळा? शिकलेला मानूस धोंड्याला काळं कशापायी फाशील?"

मी माडगे बाजूला सारले.

यमुनेने डबी बाहेर काढली. "काजळ मी धरलं होतं, अप्पा. दृष्ट लागू नये म्हणून लहानपणी याच डबीतलं त्याच्या कानामागं लावायचे."

अप्पांनी डबीला हात लावला नाही. मान खाली घालून बसले.

नदीला पाणी घोट्याएवढे होते. दुपार टळेपर्यंत आम्ही दोघे वाकून शोधत राहिलो. एक तुकडा सापडला. त्यावर एक रेघ होती. अक्षराची की नांगराच्या फाळाची, ते कळेना. यमुनेने तो पुन्हा पाण्यात सोडला.

आम्ही परतीची गाडी धरली. प्रवासाने दुःख हलके होते, असे मी शाळेत निबंधासाठी सांगत आलो आहे. यापुढे सांगणार नाही.

घरी पोचल्यावर यमुनेने चूल पेटवली, ट्रंकेतून कागद काढला आणि हातात घेऊन उभी राहिली.

"हाही गेला तर त्यानं काय वाचलं होतं, ते कशावर बघायचं?" ती म्हणाली, आणि त्याच कागदाला तिने नवे फडके गुंडाळले.

धोंडा नाही. कागद ट्रंकेत आहे. तो वाचायला आम्हाला आरसा लागतो.