दहावी पास जावेच्या नावानं

पिंपळवंडीत आमच्या बचत गटाच्या बैठकीला पुण्याच्या एका कंपनीच्या मॅडम आल्या होत्या. शेतकऱ्याला मोबाईलवर बोलून सल्ला देणारं ॲप त्यांनी काढलं होतं. फवारणी कधी करायची, पाणी किती द्यायचं, असलं. पण ॲप बोलायला लागलं की माणसं फोन बंद करायची, कारण ते सरकारी नोटिशीसारखं बोलायचं. ती वाक्यं आपल्या बोलण्यात लिहून देणाऱ्या बायका त्यांना हव्या होत्या. काम घरी बसून. अट एकच, दहावी पास.

मी चौथी. वस्तीवरची शाळा चौथीपर्यंतच होती, पुढची ओढ्यापलीकडं, तिकडं मला कुणी धाडलं नाही. पण लिहायची सवय सुटली नाही. पोरांच्या वह्यांची उरलेली कोरी पानं मी शिवून ठेवते आणि त्यात काहीबाही लिहिते. घरात हे फक्त धाकट्या जावेला माहीत. ती दहावी पास, पण लिहायचा तिला भारी कंटाळा.

"ताई, नाव माझं घालू, लिहा तुमी," ती बैठकीतच माझ्या कानाशी लागली.

घरी सासूबाई म्हणाल्या, "घाला की. नाव हिचं काय न् तिचं काय, घर तर एकच हाय."

आमच्याकडं असंच चालतं. गॅस एकीच्या नावावर, गटाचं पुस्तक दुसरीच्या. मला वाईट वाटलं नाही. खरं तर बरंच वाटलं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते. नाव दुसरीचं असलं की मला कुणी पुढं बोलावणार नाही, एवढंच मी तेव्हा पाहिलं.

रोज दुपारी भांडी झाली की तिचा मोबाईल माझ्याकडं यायचा. एका बोटानं टाइप करायला शिकले. 'पिकास आवश्यकतेनुसार पाणी द्यावे' असं वाक्य यायचं. मी लिहायचे, 'माती मुठीत दाबा. गोळा झाला तर आज पाणी नको.' एखादं वाक्य नीट बसलं की दिवसभर अंग हलकं वाटायचं.

गावात मात्र कौतुक धाकटीचं. दीर तिला बघून ओरडायचे, "आल्या आमच्या मॅडम, खुर्ची द्या रं कुणीतरी!" नारायणगावच्या बाजारात एक बाई मला म्हणाली, "जाऊ लई हुशार निघाली तुमची. थोडं शिका की तिच्याकडून." मी मेथीची जुडी निवडत राहिले.

मागच्या आठवड्यात मॅडमचा व्हिडिओ कॉल आला. धाकटी खुर्चीवर बसली, मी पिठाच्या हातानं मागं दाराशी उभी.

"तुमची वाक्यं लोक शेवटपर्यंत ऐकतात," मॅडम म्हणाल्या. "आता कायमची नोकरी देतोय. बाकीच्यांचं लिखाणही तुम्हीच तपासायचं."

धाकटीनं वळून माझ्याकडं बघितलं.

"मागे कोण आहे?"

"आमच्या थोरल्या जाऊबाई." ती घाबरली होती. "त्या नाय लिहीत. चौथी शिकल्यात."

"मग त्यांनाच विचारू. ऐकायला असंच माणूस पाहिजे." मॅडमनी आदल्या दिवशी आमच्याकडून गेलेला, बिबट्यापासून जपायचा संदेश वाचला. 'गवत कापायला एकटी जाऊ नको. दोघी जा, मोठ्यानं बोलत जा. एक खाली बसून कापत असली तर दुसरीनं उभं राहायचं.' मग विचारलं, "मावशी, कळलं का?"

मीच लिहिलंय, हे ओठांपर्यंत आलं. धाकटी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"कळलं," मी म्हणाले.

"बघा, चौथीवाल्यांनाही कळतं!" मॅडम खूश झाल्या.

भाकरी थापताना मी तिला म्हटलं, "नाय लिहीत म्हणालीस."

"मग काय म्हणू, ताई? खरं सांगितलं तर दोघींना बी काढतील. परत लिहायला मिळंल का तुमाला?"

तिचं खोटं नव्हतं. बोलले तर लिहिणं जातं, आणि गप्प बसले तर ते कधी माझं होत नाही. तव्यावरची भाकरी तेवढी करपली.

काल कंपनीचा फॉर्म आला. तुम्ही लिहायला कशा शिकलात ते तुमच्या शब्दांत लिहा, असं त्यात आहे. धाकटीनं मोबाईल माझ्यापुढं ठेवला. "लिहा ताई, तुमाला काय अवघड."

पहिली ओळ लिहिली, माझं शिक्षण दहावी. पुढं बोट चालेना. तिच्या दहावीतलं मला काही ठाऊक नाही, आणि माझं जे आहे ते तिथं लिहिता येत नाही. उद्या संध्याकाळपर्यंत पाठवायचंय. म्हणून आधी खरं ते सगळं इथं वहीत लिहून काढलं. आता यातली चौथी काढून टाकली की काय उरतं, ते बघते.